ज्युलियन आल्फ्रेडचे सुवर्ण सेंट लुसियाचे की टेक्सासचे?

सांजवारा :
३ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये भर पावसात ज्युलियन आल्फ्रेडने १०० मीटर शर्यत १०.७२ सेकंदांत जिंकली आणि दोन लाखांहूनही कमी वस्तीच्या सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाला ऑलिंपिकमधले पहिलेवहिले पदक मिळाले. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेतली आणि डॉमिनिकाच्या नावावरही पहिले पदक, तेही सुवर्ण, लागले. दोघींच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. मात्र त्याला चिमुकल्या देशांचा चमत्कार म्हटले जाते, ते मला पटत नाही. आल्फ्रेड चौदाव्या वर्षी जमैकाला गेली आणि पुढे अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात प्रशिक्षक एड्रिक फ्लोरियल यांच्या हाताखाली घडली. लाफाँड लहानपणापासून अमेरिकेतच वाढली. ग्रेनेडाला २०१२ मध्ये ४०० मीटरचे सुवर्ण मिळवून देणारा किरानी जेम्स अलाबामा विद्यापीठात शिकलेला. ज्या व्यवस्थेने खेळाडू घडवले तिचे नावही न घेता पदके बेटांच्या खात्यावर मांडणे आणि वर लोकसंख्येने भागून क्रमवारी लावणे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गलबतवाला :
टेक्सासचा वाटा मी नाकारत नाही, पण विद्यापीठ शिष्यवृत्ती देते ती आधीच वेगवान असलेल्या मुलीला. तो वेग कुणी हेरला? लहानपणी आपण शाळेच्या गणवेशात, अनवाणी धावत होतो, असे आल्फ्रेडने स्वतः सांगितले आहे. बहामातल्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेत तिने १०० मीटरचे सुवर्ण मिळवले ते २०१७ मध्ये, म्हणजे टेक्सासच्या आधी. शिवाय कॅरिबियन बेटांची स्वतःची व्यवस्था आहेच. कॅरिफ्टा ही कुमारांची स्पर्धा १९७२ पासून ईस्टरच्या सुमारास भरत आली आहे. उसेन बोल्टही तिथे धावला आणि किरानी जेम्सही. शाळेच्या मैदानावरून कॅरिफ्टाला आणि तिथून विद्यापीठाला, अशी ही वाट आहे. तिचे शेवटचे टोक अमेरिकेत आहे एवढ्यावरून सगळी वाट अमेरिकेची कशी ठरेल?

सांजवारा :
कॅरिफ्टाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो मान्य करतो. तरीही सरकारांना इतक्या सहज सोडू नये. २००९ मध्ये सेंट लुसियातल्या सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागल्यावर ते व्यू फोर्ट इथल्या जॉर्ज ओडलम स्टेडियममध्ये हलवले गेले आणि पुढे कितीतरी वर्षे तिथेच चालले. आजाऱ्यांना छप्पर हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण देशातले एक मोठे मैदान खेळाडूंच्या हातून गेले ते गेलेच. जिंकल्यावर आल्फ्रेडने या सुवर्णामुळे नवे स्टेडियम व्हावे अशी आशा बोलून दाखवली. ज्या पदकाच्या वेळीही धावपटूला मैदान मागावे लागते, त्याचे श्रेय देशाने किती घ्यावे?

मुळारंभ :
दोघांशीही मी थोडा असहमत आहे. नीरज चोप्राला टोकियोतल्या ८७.५८ मीटरच्या फेकीसाठी तयार करणारे क्लाउस बार्टोनिट्झ जर्मन होते आणि त्याने परदेशात दीर्घकाळ सराव केला. म्हणून ते सुवर्ण जर्मनीचे, असे आपल्यापैकी कुणी म्हटले नाही. जो न्याय आपण स्वतःला लावतो तोच सेंट लुसियाला लावावा. दरडोई क्रमवारीबाबत मात्र सांजवारा यांचे म्हणणे योग्य आहे, फक्त कारण वेगळे आहे. ऑलिंपिकमध्ये १०० मीटरसाठी एका देशाचे जास्तीत जास्त तीनच खेळाडू उतरू शकतात. त्यामुळे १४० कोटींचा भारत असो वा अमेरिका, लोकसंख्येच्या प्रमाणात संधी मिळतच नाही. ज्या भागाकारात छेद अमर्याद आणि अंशाला नियमानेच मर्यादा, त्यातून लहान देश वर येणारच.

गलबतवाला :
भागाकाराचा मुद्दा बिनतोड आहे. दरडोई याद्यांचे समर्थन मी यापुढे करणार नाही. स्टेडियमबाबत सांजवारा यांचा रागही योग्य आहे, पण तो मंत्र्यांवर असावा. देश म्हणजे केवळ सरकार नव्हे. अनवाणी मुलीला शर्यतीत उतरवणारी शाळाही देशच असते. लाफाँडचे उदाहरण तर मला सांजवारा यांच्या विरोधातलेच वाटते : अमेरिकेत वाढूनही, सत्तर हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या आपल्या जन्मभूमीचे नाव तिने छातीवर मिरवले.

सांजवारा :
अमेरिकेच्या निवड चाचणीत पहिल्या तिघींत येण्यापेक्षा ती वाट सोपी होती, हेही लक्षात घ्यावे लागेल. मात्र १५.०२ मीटर उडी मारणारीला सोपी वाट शोधण्याची गरज नव्हती, हे मी स्वतःहून मान्य करतो.