जपानला बर्फात जायचंय, सगळे नवशिके, निसेकोच करावं का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. गड्डा यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटी घरचे सगळे मिळून जपानला जायचा विचार चाललाय. मी, बायको, पोरगा चौदा वर्षांचा, पोरगी नऊची आणि आमची आई, तिचे गुडघे जरा कुरकुरतात पण हौस आमच्यापेक्षा जास्त. पुण्याचा मेव्हणा म्हणायलाय की जायचंच तर निसेकोला जा, जपानातलं सगळ्यात नावाजलेलं स्की रिसॉर्ट, बाकी सगळं टाइमपास. पण आमच्यात स्की कुणालाच येत नाही ओ, मनालीला एकदा रबरी बूट भाड्यानं घेऊन फोटो काढले तेवढाच काय तो बर्फाचा अनुभव. शिवाय आई आणि बायको पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एवढ्या लांब जाऊन पोरं दोन वेळा पडून रडायला लागली आणि आई हॉटेलात बसून राहिली तर पैसे पाण्यात. कुणी जाऊन आलंय का? खर्च, थंडी, जेवण, जे माहीत असेल ते सांगा.

हिराफूवाला:
मी नोकरीनिमित्त साप्पोरोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर होतो, निसेको तिथंच, हिवाळ्यात बरेच शनिवार-रविवार निसेकोतच जायचे, म्हणून लिहितो. निसेको म्हणजे एक रिसॉर्ट नाही, आन्नुपुरी नावाचा १३०८ मीटरचा डोंगर आहे आणि त्याच्या अंगावर चार वेगवेगळी रिसॉर्टं आहेत, ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी. चारीचं मिळून एक तिकीट मिळतं, वरून एकातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. समोर योतेई पर्वत, अगदी फुजीसारखा दिसतो, पण ढग नसले तर, आणि जानेवारीत ढग नसतात असं क्वचितच.

जगभरातून लोक तिथं येतात ते बर्फाच्या जातीसाठी. सायबेरियाकडून थंडगार कोरडा वारा येतो, जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो आणि होक्काइदोच्या डोंगरांना धडकला की सगळं तिथंच ओततो. सीझनला साधारण १५ मीटर बर्फ पडतो आणि तो इतका हलका की मुठीत धरून गोळा करायला गेलं तर गोळाच होत नाही. ज्याला येतं त्याच्यासाठी स्वर्ग, पण नवशिक्याला त्याचा उपयोग काय? खोल भुसभुशीत बर्फात पडलात की हात टेकायला तळच लागत नाही, उठता उठता घाम फुटतो. शिकणारा माणूस मशीननं दाबून सपाट केलेल्या सोप्या उतारावरच असणार, आणि तसला उतार जपानात कुठंही मिळतो. तिकीट मात्र निसेकोचं द्यायचं, चारीचा दिवसाचा पास मोठ्यांना गर्दीच्या दिवसांत दहा हजार येनच्या पुढे जातो, म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार रुपये झाले, त्यात स्की, बूट, कपडे भाड्यानं, वर शिकवणीचे वेगळे. मेव्हण्याला स्की येतं का हो?

एक गोष्ट मात्र निसेकोच्या बाजूनं सांगतो, इंग्रजी सगळीकडे चालतं, पोरांना इंग्रजीतून शिकवणारे भरपूर, आणि किचन असलेली अपार्टमेंटं मिळतात. आईंसाठी वरणभात लावता येईल.

कसब्यातली_सून:
हिराफूवाल्या दादांचं पटलं. आम्ही सासू-सासरे आणि दोन पोरं घेऊन गेलो होतो, होक्काइदो नाही, टोकियोवरूनच. आधी गाला युझावा, मग नोझावा ओनसेन.

गालाचं एक भारी आहे, शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट स्की रिसॉर्टच्या बिल्डिंगमध्येच थांबते, टोकियोहून सव्वा-दीड तास. ते स्टेशनच फक्त हिवाळ्यात चालू असतं. त्याच बिल्डिंगमध्ये कपडे, बूट भाड्यानं घ्यायचे आणि तिथूनच गोंडोला, म्हणजे रोपवेचा बंद डबा, वर जातो. ज्यांना स्की करायचं नाही त्यांना नुसतं गोंडोलानं वर जाऊन बर्फ बघून येता येतं, सासूबाई तशाच गेल्या. पोरांना घसरगाडीची वेगळी जागा आहे. नाहीच जमलं तर संध्याकाळी परत टोकियोत, रिसॉर्टच्या हॉटेलचा खर्चच नाही. तुमच्यासारख्यांनी पहिला दिवस तिथंच घालवावा, पोरांना आवडतंय का ते कळतं तरी.

बुटांचं आधीच सांगते. स्कीचे बूट म्हणजे प्लास्टिकचं कवच, घोटा अजिबात वाकत नाही, बकल आवळले की नडगीला पुढून दाब बसतो आणि चालताना आधी टाच टेकवून खडाक खडाक करत जावं लागतं. जिना उतरताना तर कठडा सोडायचाच नाही. पोरं पहिला अर्धा तास त्या बुटांवरूनच रडतात, बर्फावरून नाही. बुटात एकच मोजा घालायचा, जाड आणि लांब. दोन घातले की वळ्या पडून टोचतं. आणि आतून कॉटन नको, भिजलं की गार पडतं, थर्मलच घ्या. कोट-पँट भाड्यानं मिळते पण हातमोजे आणि गॉगल बऱ्याच ठिकाणी विकतच घ्यावे लागतात.

नोझावा हे नागानोमधलं जुनं गाव, शिनकानसेननं ईयामाला उतरून पुढं बसनं अर्धा तास. गावात गरम पाण्याची तेरा सार्वजनिक स्नानघरं आहेत, गावकरीच सांभाळतात, पैसे मागत नाहीत, बाहेर पेटी असते त्यात टाकायचे. बायका-पुरुष वेगळे, पण अंगावर काहीही न घालता उतरायचं, हे आईंना आधीच सांगून ठेवा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी दारातूनच पाऊल मागे घेतलं, दुसऱ्या दिवशी मात्र बाहेर निघायचं नाव घेईनात. पाणी चटका बसेल इतकं कढत असतं, बीपी असेल तर जपून. टॉवेल तिथं मिळत नाही, न्यावा लागतो, आता सोलापूरच्या माणसाला टॉवेल न्यायला सांगायचं म्हणजे!

जेवणाचं खरं दुखणं असं की तिथं मांस नको म्हटलं तरी सूपात माशाचं पाणी असतंच. दाशी म्हणतात त्याला, वाळवलेल्या माशाच्या कीसाचा स्टॉक, मिसो सूप, उदोन म्हणजे जाड नूडल्स, भाजीचा रस्सा, सगळ्यात तोच. करीच्या पाकिटात बरेचदा जनावराची चरबी असते. आम्ही गोड मोसंबी-केळी, साधा भात, आणि उमे (खारवलेलं आंबट फळ) घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, यावर दिवस काढले. नोझावात ओयाकी म्हणून पिठाचे भरलेले गोळे मिळतात, आत भोपळा किंवा तिथली पालेभाजी भरलेली, तरी आत काय आहे ते विचारूनच घ्या. बाकी कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच. ती चटणी रिसेप्शनवरच्या काकांनी चाखली आणि नंतर रोज आमच्याकडे बघून हसायचे, पुढं काही बोलायचे नाहीत, मागायला लाजत असावेत.

लई_शहाणा:
येवढा खर्च करायलाच कशाला बे, गुलमर्गला जा की. गोंडोला हाय, बर्फ हाय, शिकवणारे हायत, व्हिसा नको काय नको.

हिराफूवाला:
@लई_शहाणा गुलमर्ग भारीच आहे, ज्याला फक्त स्की शिकायचंय त्यानं तिथंच शिकावं. पण यांना आईला घेऊन जपान बघायचंय, स्की त्यातला एक भाग. आणि नवशिक्यांसाठी सोप्या उतारांची सोय, लिफ्टची शिस्त, गरम खोल्या, हे जपानात जास्त सुखाचं पडतं. लोकांनी रांगेत घुसायची सवय मात्र मुंबईलाच सोडून जावी.

मूळ प्रश्नकर्त्याला अजून दोन गोष्टी. उताराचे रंग बघून घ्या, तिथं सोपा हिरवा, मधला लाल, अवघड काळा. युरोपात निळा असतो तो तिथं शोधू नका, आणि पोराला लाल म्हणजे धोका असं सांगून घाबरवू नका, तसंच हिरवा संपला म्हणून लगेच लालवर पण नेऊ नका. दुसरं, दोरी लावलेली असेल तिच्या पलीकडे कुणीही जायचं नाही, पोरगा चौदाचा आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. पलीकडे हिमस्खलनाचा धोका असतो, शोधायला माणसं पाठवावी लागली तर बिल तुमच्या हातात.

मे_महिन्यातला_उकाडा:
जानेवारीत पोरांची शाळा बुडवून जायचंच असं काही आहे का? परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये गेलात तरी जपानात बर्फ सापडतो. तोयामाजवळ तातेयामाचा डोंगररस्ता एप्रिलच्या मध्यावर उघडतो, बर्फ कापून रस्ता मोकळा केलेला असतो, दोन्ही बाजूंनी भिंती, काही वर्षी वीस मीटरच्या आसपास जातात, मधून बसनं जायचं आणि थोडं चालायचं पण. आईंच्या गुडघ्यांना स्कीपेक्षा हे बरं. आणि यामागाता भागात गास्सान म्हणून डोंगर आहे, तिथं हिवाळ्यात एवढा बर्फ असतो की रिसॉर्ट हिवाळ्यात बंद आणि एप्रिलमध्ये उघडतं, स्की जुलैपर्यंत. पण तो उतार नवशिक्यांचा नाही, बघायला जा. इकडे ४३ डिग्रीत डांबर वितळत असताना तिकडे बर्फात उभं राहायची मजा वेगळीच. फक्त एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात गोल्डन वीकची सुट्टी असते, तेव्हा सगळा जपान बाहेर पडतो, ते दिवस टाळा.

जुळेसोलापूरकर:
सगळ्यांचे आभार. मेव्हण्याला विचारलं, त्याला स्की येत नाही, त्यानं व्हिडिओ बघितलेत. बायकोनं वाचून ठरवून टाकलं, गाला एक दिवस आणि नोझावा, निसेको पोरं मोठी झाल्यावर त्यांच्या पैशानं. जानेवारी की एप्रिल यावर घरात अजून वाद चालू आहे, आईचं मत जानेवारी, तिला अंगावर पडणारा बर्फ बघायचाय. एकच शंका, टोकियो ते नोझावा पाच जणांच्या बॅगा घेऊन ट्रेन-बस बदलत जायचं म्हणजे हाल होतील ना?

कसब्यातली_सून:
बॅगा घेऊन जायच्याच नाहीत. टोकियोच्या हॉटेलात सांगायचं, ताक्क्युबिन म्हणून कुरिअर असतं, मोठ्या बॅगा आदल्या दिवशी पाठवल्या की बहुतेक दुसऱ्या दिवशी नोझावाच्या हॉटेलात पोचतात. बर्फ जास्त पडला तर उशीर होतो म्हणून एका रात्रीचे कपडे आणि आईंच्या गोळ्या हातात ठेवा. आणि इन्शुरन्स घेताना स्की कव्हर आहे का ते स्पष्ट विचारा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात, एजंट आपणहून सांगत नाही. ताजी फळं आणि मांसाचं काही बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडवतात. चटणीचं पाकीट फॉर्मवर लिहून टाका, विचारलं तर दाखवता येईल.

लई_शहाणा:
शेंगाचटणी दोन किलो न्या, रिसेप्शनवाल्या काकांना पण लागंल.