फुरशाच्या विषावरून बनलेले औषध: त्यात खरोखर विष असते का?

वाळपईकर
सत्तरीत आमची काजूची बाग आहे. सड्याला लागून असल्यामुळे बोंडू वेचण्याच्या दिवसांत पाचोळ्यात हात घालताना आम्हांला सर्वांत जास्त धास्ती फुरशाची असते. गेल्या महिन्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा त्यांना शिरेतून टिरोफिबान हे औषध देण्यात आले, आणि ते फुरशाच्या विषावरून बनले आहे असे डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितले. हे कळल्यापासून आई बेचैन आहे. या औषधात प्रत्यक्ष विष असते का? फुरसे चावल्यावर रक्त थांबत नाही, मग तेच विष हृदयाला कसे तारते? आणि बाबांना पुढे कधी फुरसे चावलेच, तर या औषधामुळे काही संरक्षण मिळेल का?

औषधशास्त्राची शिक्षिका, फोंडा
आईंना निश्चिंत राहायला सांगा, कारण त्या औषधात विषाचा थेंबही नसतो. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे 49 अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन असते. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना ज्या कड्यांनी धरून गुठळी बांधतात, ती कडी हे प्रथिन अडवते. संशोधकांनी त्यातील केवळ तीन अमिनो आम्लांचा नेमका अडवणारा भाग हेरला, त्याच घडणीचा एक छोटा रेणू प्रयोगशाळेत तयार केला, आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तोच टिरोफिबान. विषाने कुलपाचा आकार दाखवला. किल्ली माणसाने घडवली.

झटका बहुधा हृदयाच्या धमनीत बांधलेल्या गुठळीमुळे येतो, म्हणून गुठळी अडवणारे हे औषध तेथे तारते. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात एक गंमत आहे. फुरशाच्या दंशानंतर रक्त थांबत नाही, त्याचे मोठे कारण एकिस्टॅटिन नसून त्याच विषातील इतर घटक आहेत. त्यांपैकी एकॅरिन रक्त गोठवण्याची प्रक्रिया भलतीच पेटवून देते, गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन त्यात खर्ची पडते, आणि मग खरोखर गरज असते तेव्हा रक्त गोठतच नाही. विष म्हणजे एकच पदार्थ नव्हे, ती अनेक प्रथिनांची मिसळ आहे, आणि औषधशास्त्राला रस असतो तो त्यांतील एखाद्याच घटकात. अर्थात टिरोफिबानमुळेही रक्तस्रावाचा धोका असतोच, म्हणून ते रुग्णालयातच, देखरेखीखाली देतात.

संरक्षण मात्र मुळीच मिळत नाही. प्रतिविष ही वेगळी गोष्ट आहे: ते घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून तयार होते.

सर्पमित्र, डिचोली
बाईंच्या उत्तराला थोडी जोड देतो. आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषांवर बेतलेले आहे. गोव्याच्या रानात चापडाही आहे, आणि त्याच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. फुरसे चावल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे. तेथे काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते का, एवढीच साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते.

या विषयावर बोलणे निघाले की विष कोटींच्या भावाने विकले जाते ही अफवा मागोमाग येतेच, म्हणून तेही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय साप पकडून विष काढणे हा गुन्हा आहे. प्रतिविषासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतील इरुळा या साप पकडण्यात वाकबगार आदिवासींची, 1978 मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था रीतसर परवान्याने पुरवत आली आहे.

वाळपईकर
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवले. आता बाबा घरी रॅमिप्रिलची गोळी घेतात. तिच्यामागेही एखादा साप नाही ना, असे तिने विचारले आहे!

औषधशास्त्राची शिक्षिका, फोंडा
आहे, आणि तो ब्राझीलचा आहे. जराराका नावाच्या सापाच्या विषात ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या शरीरातील नैसर्गिक द्रव्याचा परिणाम वाढवणारा घटक असतो, हे संशोधक सर्जिओ फरेरा यांनी 1960 च्या दशकात दाखवले. त्यावरून कुशमन आणि ओंडेटी या संशोधकांनी कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध घडवले, ज्याला 1981 मध्ये मान्यता मिळाली. रॅमिप्रिल त्याच घराण्यातले. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, तोही बहुधा साचलेल्या ब्रॅडिकायनिनमुळेच. बाबांना तसा खोकला असेल, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते दुसरी देतील.