विमानाने आलेली लेक: रोजच्या घरातले अनुभव

दत्तक घेण्याच्या प्रक्रियेबद्दल मराठीत बऱ्यापैकी लिहून आलं आहे. होम स्टडी (पालकांच्या घराची पाहणी), कारा या भारताच्या सरकारी दत्तक प्राधिकरणाकडची नोंदणी, वाट बघण्यात गेलेली वर्षं, सगळं. पण मूल घरी आल्यावर पहिल्या साध्या मंगळवारी काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी एका देशातून दुसऱ्या देशात मुलगी आणली आहे त्या सगळ्यांना या धाग्यावर आमंत्रण. जेवण, झोप, डॉक्टर, शाळा, पाहुणे, कागदपत्रं, रोज जे निस्तरता ते लिहा. आजी-आजोबांनीही लिहा.

विनंती एकच. मुलगी दत्तक देणाऱ्या संस्थेत कशी आली, जन्मदात्या आईचं काय झालं, ते इथे नको. ती माहिती मुलीची आहे, कुणाला सांगायची ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. आम्ही सख्ख्या भावंडांनाही सांगितलेली नाही. त्यावरून एक दिवाळी अबोल्यात गेली, पण गेली.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. लेक पुण्याहून आली तेव्हा अडीच वर्षांची होती. संस्थेतल्या मावश्या मराठी बोलायच्या, आम्हीही मराठी, त्यामुळे भाषेचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो नवऱ्याचा. संस्थेत सांभाळायला सगळ्या बायकाच, त्यामुळे एवढा उंच, दाढीवाला माणूस घरात कायमचा राहणार हे तिला मुळीच मान्य नव्हतं. तो खोलीत आला की ती टेबलाखाली. त्याने पाठीमागे लागणं सोडलं आणि जमिनीवर बसून स्वतःशीच ठोकळे रचायला लागला. रोज संध्याकाळी, तिच्याकडे न बघता. बरेच आठवडे गेले, मग एक दिवस तिने येऊन त्याचा मनोरा पाडला. आता बाबाशिवाय आंघोळीची बादलीसुद्धा भरू देत नाही. (हो, बादली. शॉवरला ती इतकी घाबरायची की आम्ही बादली-तांब्यावर आलो आणि तिथेच राहिलो.)

एक बाबा, न्यू जर्सी

आमच्याकडे सगळं अन्नाभोवती फिरायचं. ताट उचललं की आकांत. पोट टम्म झालं तरी हात थांबायचा नाही. रात्री उशीखाली पोळीचे तुकडे, फ्रॉकच्या खिशात भात. दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, रागावू नका, लपवलेलं काढून घेऊ नका. स्वयंपाकघरात तिच्या हाताला येईल असा एक खण द्या आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नका. चुरमुरे, केळी, राजगिऱ्याच्या वड्या, खाकरे. खण भरायचं काम आम्ही तिलाच दिलं. सुरुवातीला दिवसातून दहादा उघडून बघायची, खायची नाही, नुसती बघायची. आता त्यात रंगीत खडू आणि एका बुटाची लेस सापडते.

दुसरं चावण्याचं. संस्थेत इतकी मुलं भरवायची म्हणजे मऊ वरणभात, खिमट. ती दोन वर्षांची झाली तरी घास चावायचा असतो हे तिच्या तोंडाला माहीतच नव्हतं. इथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन सेवा (वाढीत मागे पडलेल्या मुलांना लवकर मदत) असते आणि तपासणी मोफत होते. आल्याआल्या फोन करा, तिसरा वाढदिवस झाला की तेच काम सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे जातं.

झोपेबद्दल एवढंच, की मोठ्या हॉलमध्ये वीस पाळण्यांत झोपलेल्या मुलीला गुलाबी भिंतींची स्वतंत्र खोली देणं हा पालकांचा हौसेचा भाग आहे. ती आमच्या पलंगाशेजारी गादीवर झोपते. पाहुण्यांना खोली छान वाटते.

आजी, डोंबिवली

मुलीकडे गेले होते सहा महिने. विमानतळावरून घरी जाताना गाडीतच जावयांनी सांगितलं, "आई, तिला उचलून घेऊ नका, भरवू नका, रडली तर आम्ही बघू." मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. दोन मुलं वाढवली, तीन नातवंडांची बाळंतपणं निभावली, आणि या नातीला घास द्यायचा नाही!

कारण नंतर मुलीने समजावलं. संस्थेत पाळ्या बदलतात, मावश्या बदलतात, त्यामुळे पोर ज्याच्या-त्याच्याकडे हात पसरते. लोक म्हणतात किती लाघवी आहे, पण तिला आपलं आणि परकं हा फरकच ठाऊक नसतो. म्हणून पहिले काही महिने खाणं, आंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं तर कुशीत घेणं, सगळं आई-बाबांनीच करायचं. पटलं मला. तरी डोळ्यांत पाणी यायचंच. मग मी काय केलं, तर मी आईला भरवलं. म्हणजे स्वयंपाक, धुणं-भांडी, बाजार सगळं माझ्याकडे घेतलं आणि मुलीला म्हटलं, तू फक्त तिच्यापाशी बस. माझ्या वयाच्या बायकांना हेच सांगेन.

निघायच्या सुमाराला ती वेणी घालून घ्यायला माझ्याकडे आपणहून आली. मी आधी मुलीकडे बघितलं, ती हसली, मग कंगवा घेतला. उवांचं औषध इथूनच नेलं होतं ते आधीच कामी आलं होतं, तेही लिहून ठेवते.

एक आई, कॅलिफोर्निया

आमचं जरा वेगळं. मी पार्ल्याची, नवरा चिनी-अमेरिकन, लेक चीनमधून आणलेली. सगळ्या अमेरिकन कुटुंबांप्रमाणे आम्हीही शेवटी ग्वांगजौला गेलो, कारण चीनमधून दत्तक आलेल्या मुलांचा व्हिसा तेव्हा तिथल्याच अमेरिकन वकिलातीत व्हायचा. हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत प्रत्येक टेबलावर एक गोंधळलेलं मूल आणि दोन त्याहून गोंधळलेली माणसं.

बाहेर गेल्यावर गंमत होते. ती नवऱ्याबरोबर असली की कुणी काही विचारत नाही. माझ्याबरोबर असली की वाणसामानाच्या रांगेत लोक विचारतात, "ही तुमची?" मी "हो" म्हणते आणि पुढे बोलत नाही. सगळ्या जगाला शिकवण्याचं कंत्राट मी घेतलेलं नाही. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काकू तिच्यासमोरच म्हणाल्या, "किती नशीबवान पोरगी, कुठली कुठे आली!" तिथे मात्र मी बोलले. म्हटलं, नशीबवान आम्ही. जे गमावून ती इथे आली त्याला नशीब म्हणायचं का, ते तिला ठरवू दे. काकूंनी मोदक वाढला आणि विषय बदलला.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक बंद केलं, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद सोडून. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं तिथून बाहेर गेली होती. बातमी आली त्या रात्री तिने विचारलं, "म्हणजे आता मला परत पाठवणार?" बातमी तिच्या कानावर शाळेतून गेली होती. मोठ्यांचे कायदे मुलं कशी वाचतात याचा अंदाज आपल्याला नसतो, म्हणून आता असलं काही आलं की आम्ही आधी सांगतो.

एक व्यवहाराची सूचना, भारतातून येणाऱ्या मुलींनाही लागू. कमरेवर, पाठीवर निळसर जन्मखुणा असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून फाइलमध्ये नोंदवून घ्या आणि प्रत पाळणाघरात द्या. आशियाई बाळांमध्ये त्या नेहमीच्या आहेत, पण न पाहिलेल्या माणसाला मारहाणीचे वळ वाटतात. आम्हाला पाळणाघरातून फोन आला होता. फार वाईट दुपार होती ती.

एक बाबा, टेक्सास

माझा भाग कागदांचा, कंटाळवाणा, पण वाचा. दोन्ही पालकांच्या नावे भारतातच दत्तक पूर्ण झालं असेल तर मूल आयएच-३ व्हिसावर येतं आणि अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होतं. हा २००० चा कायदा, २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू. नागरिकत्वाचा दाखला टपालाने येतो. तो जपा, नुसत्या पासपोर्टवर भागवू नका. त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्यांना हा कायदा लागू झाला नाही, आणि लहानपणी दत्तक येऊनही आज नागरिकत्व नसलेली पन्नाशीची माणसं इथे आहेत. दाखला आल्यावर सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी ओळख क्रमांकाच्या) नोंदीतही नागरिकत्व बदलून घ्या, ते आपोआप होत नाही. भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याशिवाय ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळत नाही, मूल तीन वर्षांचं असलं तरी. आणि काराला दोन वर्षं अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला. सोशल वर्कर येणार म्हणून घर चकाचक करू नका. आमच्या बाईंनी पसारा बघून "हे बरं आहे" असं लिहून घेतलं.

एक आई, स्वीडन

वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लेक आल्यावर भराभर वाढली, उंची-वजनाचा आलेख सरळ वर गेला, आम्ही खूश. पण भारतातून दत्तक आलेल्या मुलींवर इथे १९९० च्या आसपास अभ्यास झाले आहेत आणि त्यांत पाळी लवकर येण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. आठ वर्षांच्या आत छातीत गाठ लागली किंवा उंची एकदम वाढू लागली तर "आजकाल मुली लवकर मोठ्या होतात" म्हणून सोडून देऊ नका, संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगा. वेळेत गेलं तर थांबवण्याची इंजेक्शनं असतात. शिवाय जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असू शकते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं. आमच्या शाळेतल्या नर्सने आलेख बघून आधी ओळखलं.

शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात, त्याचं काय करता? आमच्या बाईंनी दोन्ही बाजूंना मुळं काढायला परवानगी दिली. लेकीने तिसरं मूळ काढून शेजारच्या मांजराला दिलं.

धागा काढणारी, नॉर्थ कॅरोलिना

शेवटी कुणीतरी विचारलंय, मुलीला संस्था बघायला परत न्यावं का. आम्ही येत्या डिसेंबरात पुण्याला जातोय. संस्थेला आधी लिहून वेळ घ्यावी लागते आणि तिथल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हे दोन नियम लक्षात ठेवा. जायचं की नाही हे लेकीवर सोडलं आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्या यादीत सध्या मस्तानी, मामाची स्कूटर आणि पेशवे पार्क आहे.