'पोर्ट करणे' याला मराठीत काय म्हणावं?

फोंडा:
कॉलेजच्या मुलांसाठी प्रोग्रामिंगच्या नोट्स मराठीत करतेय. एकीकडचा तयार कोड दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या सिस्टिमवर वापरला की आपण सरसकट 'पोर्ट केला' म्हणतो, पण भाषांतराच्या टूलने त्याचं 'बंदर' केलं! वास्कोच्या एका मुलाने विचारलं, मॅडम, याचा मुरगाव बंदराशी काय संबंध? नेमका शब्द सुचवा.

पेडणे:
संबंध नाही मॅडम. हा 'पोर्टेबल'मधला पोर्ट, मूळ लॅटिन पोर्तारे, म्हणजे वाहून नेणे. बंदराचा पोर्ट पोर्तुस या शब्दावरून आलाय. मी 'स्थलांतर' लिहितो.

डिचोली:
पेडणेकरबाब, स्थलांतर अर्ध्याच ठिकाणी बसतं. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम 1973 मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली म्हणून पुढे वेगळ्या मशीनवर नेता आली, तिथे तुमचा शब्द बरोबर. पण पायथनमध्ये आपण सायपाय ही गणिताची लायब्ररी वापरून रेषीय समीकरणं सोडवतो तेव्हा आत लॅपॅक या जुन्या लायब्ररीतलं फोर्ट्रान भाषेतलं रुटीन पळत असतं, तो कोड कुठे गेला? तो आपल्या जागी आहे, आपण फक्त वरून जोडलोय.

याला मी 'कलम बांधणे' म्हणतो आणि मनापासून म्हणतो. आमच्या घरामागे मानकुराद आंब्याचं कलम आहे, खाली रायवळचा खुंट, वर मानकुरादची काडी, मुळं एकाची आणि फळ दुसऱ्याचं. जुनी लायब्ररी खुंट, नवी भाषा काडी, आणि रॅपर, म्हणजे दोघांना जोडणारा मधला कोड, ही सांध्यावर गुंडाळलेली पट्टी. बिघडतं तेही सांध्यावरच. फोर्ट्रान अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, मेमरीत स्तंभ-स्तंभ ठेवतं, सी ओळ-ओळ. मी एकदा सीच्या पद्धतीने ठेवलेला दोन ओळी तीन स्तंभांचा अ‍ॅरे तसाच खाली फोर्ट्रानकडे पाठवला, एरर काही नाही, फक्त उत्तरं चुकीची, दोन दिवस मी गणितातच चूक शोधत बसलो.

काणकोण:
भारी! मग भेट कलम पण घ्या की. त्यात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर जगत असतात, सांधा धरला की मगच काडी तिच्या मूळ झाडापासून तोडायची. आमच्या ऑफिसात जुना जावाचा प्रोग्राम आणि नवा प्रोग्राम असेच वर्षभर शेजारी चालवले, एकेक काम नव्यावर नेत.

पेडणे:
पटलं, पण कलम म्हणजे कायद्याचंही आणि लेखणीही. मुलं गोंधळतील.

डिचोली:
एकटं 'कलम' लिहिलं तर गोंधळतील, 'बांधलं' आलं की नाही. कायद्याचं कलम लावतात, लेखणी हातात धरतात, बांधतात ते फक्त झाडाचं. मॅडम, वाक्य असं करा: 'या फोर्ट्रान लायब्ररीवर पायथनचं कलम बांधलं आहे.' नव्याने लिहिलं असेल तिथे सरळ 'पायथनमध्ये पुन्हा लिहिलं'.

फोंडा:
घेतलं. आणि नेटवर्कचा पोर्ट? तिथेही टूलने बंदरच केलंय.

पेडणे:
तिथे 'पोर्ट'च ठेवा मॅडम, पोरं रोज तोच बोलतात.