मदत हवी आहे : तिसऱ्या नोडवर जीएफएस२ माउंट होत नाही

नमस्कार मंडळी. तीन लिनक्स सर्व्हर (नोड), तिघांना नेटवर्कवरून जोडलेलं एकच आयस्कझी स्टोरेज, त्यावर जीएफएस२, म्हणजे अनेक सर्व्हरना एकाच वेळी वापरता येणारी फाइल सिस्टिम. पहिल्या दोन नोडवर सगळं सुरळीत. कालच जोडलेल्या तिसऱ्या नोडवर

माउंट -टी जीएफएस२ -ओ नोएटाइम

दिलं की डिव्हाइस दिसतं, पण माउंट नाकारलं जातं. लॉगमध्ये मोकळं जर्नल (बदल आधी नोंदवून ठेवायची जागा) शिल्लक नसल्याची तक्रार आहे.

कोरोसिंक (नोडना एका क्लस्टरमध्ये, म्हणजे गटात बांधणारी सेवा) आणि डीएलएम (नोडमधली कुलुपं सांभाळणारी सेवा) तिन्हीकडे चालू आहेत, फेन्सिंगही (बिघडलेल्या नोडला बाजूला काढणं) तपासलं. फाइल सिस्टिमच्या लॉक टेबल या सेटिंगमधलं क्लस्टरचं नाव कोरोसिंकच्या कॉन्फिगशी अक्षरन् अक्षर जुळतं. मग जुनी नोंदवही काढली. फॉरमॅट करताना '-जे २' दिलं होतं, म्हणजे जर्नल दोनच. प्रत्येक नोडला स्वतंत्र जर्नल लागतं, तेव्हा कारण हेच असणार असं वाटतं.

जीएफएस२_जेअ‍ॅड ही जर्नल वाढवणारी कमांड माउंट असलेल्या फाइल सिस्टिमवरच, एकाच नोडवरून चालवायची, इथवर वाचलंय. पण पहिल्या दोन नोडवर दिवसभर लोक काम करत असतात. ते चालू असताना कुणी '-जे १' देऊन जर्नल वाढवलंय का? तेवढा वेळ लिहिणं अडकतं का? आधी किती जागा मोकळी ठेवावी?

एका सहकाऱ्याने तिसऱ्या नोडवर लॉकप्रोटो=लॉक_नोलॉक (म्हणजे नोडमधली कुलुपं न वापरता माउंट) देऊन बघ म्हटलं. ते मी करणार नाही. बाकीचे दोघे लिहीत असताना कुलुपाशिवाय तिसरा आत शिरला तर डेटाची वाट लागेल, आणि तो डेटा लोकांच्या वर्षांच्या मेहनतीचा आहे.

बॅकअप आज रात्री घेतोय. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.