शब्दचर्चा : स्विच ‘कॉन्फिगर करणे’, बदल ‘लागू होणे’ आणि ‘जतन करणे’

प्रश्न : नेटवर्क स्विचच्या (संगणक व इतर उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राच्या) कमांड लाइनविषयी, म्हणजे टंकून आज्ञा देण्याच्या पद्धतीविषयी, मराठीत मार्गदर्शिका लिहीत आहे. ‘कॉन्फिगर करणे’ (उपकरणाने कसे चालावे ते ठरवून देणे) यासाठी ‘संरूपण करणे’ लिहावे का? तसेच ‘एनेबल’ या आज्ञेचा अर्थ ‘सक्षम करा’ असा द्यावा का?

उत्तर १ : ज्या आज्ञा टंकायच्या आहेत त्या आहेत तशाच ठेवाव्यात, मराठीत सांगायचे ते त्या आज्ञेने काय घडते एवढेच. सिस्को या कंपनीच्या स्विचला कन्सोल केबल (संगणकावरून थेट आज्ञा देण्यासाठीची तार) जोडून, टर्मिनलचा वेग सहसा ९६०० बॉड ठेवून आपण आत गेलो की प्रॉम्प्टच्या (आज्ञा टंकायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराच्या) शेवटी ‘>’ हे चिन्ह दिसते आणि ‘एनेबल’ दिल्यावर, पासवर्ड ठेवलेला असल्यास तो विचारून, तेथे ‘#’ येते. या आज्ञेने स्विच सुरू होत नाही, की त्याचे एखादे पोर्टही (केबल जोडायची जागा). वापरणाऱ्याचा अधिकार तेवढा वाढतो. म्हणून ‘विशेषाधिकार स्तरावर जाणे’ असे लिहावे. ‘सक्षम करा’ वाचून कोणाला सक्षम करायचे, हेच कळत नाही. ‘संरूपण’ चुकीचे नाही, परंतु ‘पोर्ट कॉन्फिगर केले का?’ असे विचारणाऱ्यांसाठी आपण लिहीत आहोत, तेव्हा रुळलेले क्रियापद सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर २ : सहमत. मात्र खरा घोळ ‘सेव्ह’ या शब्दापाशी होतो. सिस्कोच्या स्विचवर ‘कॉन्फिगर टर्मिनल’ देऊन आत गेल्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ एंटर दाबताक्षणी लागू होते, पण ती फक्त रॅममधील (वीज गेल्यावर पुसल्या जाणाऱ्या स्मृतीतील) ‘रनिंग कॉन्फिग’मध्ये असते, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा दिल्याशिवाय वीज गेल्यावर ती उरत नाही. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या जुनोस या प्रणालीमध्ये याउलट आधी मसुदा तयार होतो आणि ‘कमिट’ दिल्यावरच तो लागू होतो. मराठीत ‘लागू होणे’ आणि ‘जतन करणे’ ही दोन वेगळी क्रियापदे हाताशी असताना दोन्हींसाठी ‘सेव्ह’ वापरल्यास वाचकाची हमखास फसगत होते.

प्रश्नकर्ता : ‘रनिंग कॉन्फिग’ला ‘चालू कॉन्फिगरेशन’ म्हणता येईल का?

उत्तर २ : येईल, परंतु ‘सध्या लागू असलेले’ अधिक नेमके ठरेल. (‘चालू’चा दुसरा अर्थ कोणालाही आठवेल, तो भाग वेगळा!)

उत्तर १ : पोर्टच्या स्थितीबाबतही असाच नेमकेपणा हवा. ‘शटडाउन’ दिलेले पोर्ट ‘बंद केलेले’ असते आणि ‘नो शटडाउन’ने ते पुन्हा खुले होते. केबल निघाली किंवा पलीकडचे उपकरण बंद असले, तर स्थितीच्या तक्त्यात ‘नॉटकनेक्ट’ येते. त्याला ‘बंद’ न म्हणता ‘न जोडलेले’ म्हणावे. ‘एरर-डिसेबल्ड’ हा तिसरा प्रकार : पोर्ट सिक्युरिटीचा (पोर्टला कोणती उपकरणे जोडता येतील यावरील मर्यादेचा) नियम मोडल्यासारखे कारण घडल्यावर स्विचनेच ते बंद केलेले असते. अशा वेळी नुसती केबल काढून पुन्हा लावल्याने पोर्ट सुरू होत नाही. कारण दूर करून ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’ द्यावे लागते. तिन्हींसाठी सरसकट ‘पोर्ट बंद आहे’ असे लिहिले, तर वाचकाने केबल तपासावी की आज्ञा द्यावी, हे त्याला ठरवता येणार नाही.