जिन्याचा दिवा एकाच बाजूने लागतोय (गुहागरचं घर)

मंडळी नमस्कार,
गुहागरला आईबाबा दोघंच असतात. माडीच्या जिन्याला खाली-वर टू-वे स्विच (एकच दिवा दोन्हीकडून लावणारे) आहेत, ते या पावसात बिघडलेत. वरचं बटण एका बाजूला असेल तरच खालून दिवा लागतो, नाहीतर कितीही दाबा, अंधारच. वायरमन म्हणतो सगळं वायरिंग नवीन करा. बाबा रात्री उठतात, इथे बसून फार काळजी वाटते. कुणाला यातलं कळतं का?

---

ताई,
सगळं वायरिंग अजिबात काढू नका. दोन बटणांच्या मिळून चार स्थिती होतात, त्यातल्या दोनात दिवा लागायला हवा, तुमच्याकडे एकातच लागतोय. म्हणजे बल्ब, फेज, न्यूट्रल सगळं ठीक आहे, दोन स्विचना जोडणाऱ्या ज्या दोन वायरी असतात त्यातली एक कुठेतरी तुटलीय किंवा स्क्रूतून सुटलीय. खाऱ्या हवेने पितळी स्क्रू हिरवे पडतात, मला संशय तिथलाच. पण नुकताच कुणी स्विच बदलला असेल तर आधी तो बघा, टू-वेला मागे तीन स्क्रू असतात आणि कॉमनची वायर (फेजकडून येणारी किंवा दिव्याकडे जाणारी) शेजारच्या स्क्रूत गेली तरी अगदी हीच लक्षणं दिसतात.

बाबांना बोर्ड उघडू देऊ नका, वायरमनच हवा. मेन बंद केला की इन्व्हर्टरही बंद करायला सांगा, जिन्याचा दिवा त्याच्यावर असेल तर मेन पाडूनही 230 व्होल्ट तिथे हजर असतात!! आणि टेस्टरवर विसंबू नका, एकाच पाइपातून शेजारी गेलेली तुटकी वायरसुद्धा टेस्टर मिणमिणवते. त्या दोन वायरी दोन्हीकडून सोडवायच्या, वर एकमेकींना पिळायच्या, खाली मल्टिमीटर बीपच्या सेटिंगवर (सलग वायर असली की वाजतो) लावायचा. बीप आली तर वायरी शाबूत, दोष स्विचमध्ये किंवा स्क्रूपाशी.

---

काका,
बीप आली! वरच्या स्विचचा एक स्क्रू पार हिरवा झालेला. वायरचं टोक कापून ताजं तांबं काढलं, स्विच नवा टाकला, आता दोन्हीकडून लागतो. खूप बरं वाटलं. बाबा म्हणतात ओटीवरूनही लागायला हवा, जमेल?

---

जमेल की. त्याच दोन वायरींच्या मध्ये इंटरमीडिएट स्विच घालायचा, चार स्क्रूचा, तो दाबला की त्या दोन वायरींची अदलाबदल होते. दुकानात तिसरा टू-वे देतील तो घेऊ नका, त्याने काम होत नाही. वायरी ओटीपर्यंत दोन जाणाऱ्या, दोन परत येणाऱ्या, त्यामुळे पाइप जरा मोठा टाकायला सांगा.